ब्रेक पॅड व डिस्क : झीज आणि बदलण्याची वेळ

मोटारीचा वेग उष्णतेत बदलून टाकणाऱ्या डिस्क ब्रेकमधले हे दोन झिजणारे भाग. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ओतीव लोखंडाची तबकडी. कंपनीच्या पुस्तिकेत तिला रोटर म्हणतात, पुण्यातल्या गॅरेजमध्ये डिस्क किंवा डिस्क प्लेट. पॅड म्हणजे पोलादी पाटीवर चिकटवलेला घर्षणाचा थर. पेडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने कॅलिपरमधला, म्हणजे डिस्कवर बसवलेल्या पकडीतला, पिस्टन पुढे सरकतो आणि दोन पॅड डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. दोघांनीही झिजायचे असते, पण पॅडने लवकर आणि डिस्कने सावकाश. सर्वसाधारणपणे पॅडचे दोन संच संपेपर्यंत एक डिस्क टिकते.

फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. १९५३ च्या फ्रान्समधल्या ल मां मोटारशर्यतीत जॅग्वारच्या गाड्या या ब्रेकच्या बळावर जिंकल्या आणि त्यानंतर तो रस्त्यावरच्या मोटारींत आला. भारतातल्या बहुसंख्य लहान मोटारींत आजही पुढे डिस्क आणि मागे ड्रम (आतून लायनर दाबले जातात असे गोल भांडे) अशी जोडी असते. ब्रेक दाबताना गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे कामाचा मोठा वाटा पुढच्या चाकांवर येतो आणि आधी पुढचेच पॅड संपतात. पुण्याचा या विषयाशी संबंध केवळ वापरापुरता नाही. वेताळ टेकडीवरची एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) ही वाहन-चाचणी संस्था १९६६ पासून येथे आहे, आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात ब्रेकचे भाग बनवणारे कारखाने आहेत.

किलोमीटर की मिलिमीटर

‘पॅड किती किलोमीटरला बदलायचे?’ हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि तो मुळातच चुकीच्या मापात विचारलेला असतो. रोज हिंजवडीच्या रांगेत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणारी गाडी आणि महिन्यातून दोनदा द्रुतगती मार्गाने मुंबईला जाऊन येणारी गाडी, दोघींच्या मीटरवर ३०,००० आकडा दिसेल, पण पॅड सारखे नसतील. पुढचे पॅड कोणाचे २५,००० किलोमीटरला संपतात, कोणाचे ६०,००० पर्यंत जातात. ऑटोमॅटिक गाडीत इंजिनाचा अटकाव कमी मिळतो म्हणून पॅड लवकर जातात. शिवाय चालवणाऱ्याचा पाय. सिग्नल लाल दिसल्यावरही शेवटपर्यंत ॲक्सिलरेटर न सोडणारा माणूस पॅडचे आयुष्य सहज निम्म्यावर आणतो.

म्हणून निर्णय जाडीवर घ्यायचा. नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. तो ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलावेत. बऱ्याच कंपन्या २ मिलिमीटरची मर्यादा देतात. पण ती शेवटची रेघ आहे, तिथवर जाण्याची परवानगी नव्हे. पातळ थरातून उष्णता सरळ पिस्टनपर्यंत आणि तिथून ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते, आणि त्याची किंमत नेमकी घाटात मोजावी लागते. मोजताना पोलादी पाटीची जाडी धरायची नाही, फक्त थराची धरायची. ही चूक घरी पाहणाऱ्यांकडून हमखास होते. आठ मिलिमीटर आहेत म्हणून निश्चिंत राहावे, तर त्यातले पाच पाटीचे निघतात.

अलॉय व्हीलच्या फटीतून बॅटरी मारून बाहेरचा पॅड दिसतो. आतला दिसत नाही, आणि बऱ्याच वेळा आतलाच जास्त झिजलेला असतो. कॅलिपर ज्या दोन पिनांवर मागेपुढे सरकतो त्या गंजल्या किंवा त्यांचे ग्रीस सुकले की बाहेरचा पॅड मोकळा राहतो आणि पिस्टनकडचा पॅड एकटाच घासत बसतो. तेव्हा चाक काढून दोन्ही पॅड पाहिल्याशिवाय ‘अजून चालतील’ हा शेरा मान्य करू नये. सर्व्हिसिंगच्या बिलावर चारही चाकांची जाडी मिलिमीटरमध्ये लिहून मागावी. लिहून देणारी गॅरेजे पुण्यात आहेत. मागणारे गिऱ्हाईक कमी आहेत.

आणखी एक खूण बॉनेटखाली असते. पॅड झिजतात तसा पिस्टन पुढे येऊन राहतो आणि ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी हळूहळू उतरते. ती उतरलेली पाहून लगेच वर भरणे म्हणजे इशारा पुसून टाकणे. पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की तेच जास्तीचे ऑइल डबीतून उतू जाते आणि रंगावर पडले तर रंग उठवते.

आवाज आणि थरथर

अनेक पॅडना पत्र्याची एक छोटी जीभ बसवलेली असते. थर संपत आला की ती डिस्कला टेकते आणि बारीक, तीक्ष्ण ‘किर्रर्र’ असा आवाज येतो. काही महाग गाड्यांत तिच्याऐवजी तार असते आणि ती तुटली की डॅशबोर्डवर दिवा लागतो. मात्र प्रत्येक किरकिर म्हणजे पॅड संपले असे नव्हे. पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला येणारा आवाज रात्रीत धरलेल्या गंजाचा असतो आणि सोसायटीचे फाटक येईपर्यंत थांबतो. धूळ बसली, पॅडच्या मागची शिम (आवाज दाबणारी पातळ पत्री) गळाली, थराला चकाकी आली, तरी आवाज येतो. याउलट ‘खर्रर्र’ असा जाड, लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला तर थर संपून पाटी डिस्क खाते आहे हे नक्की. अशा वेळी गाडी घराकडे नव्हे, जवळच्या गॅरेजकडे न्यावी. पॅडवर भागले असते तिथे आता डिस्कही गेलेली असते.

ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग किंवा पेडल थरथरले की गॅरेजमध्ये निदान ठरलेले असते : डिस्क वाकडी झाली. डिस्क क्वचितच वाकते. बहुतेक वेळा पॅडचा मसाला, म्हणजे घर्षणाच्या थराचा माल, डिस्कवर कुठे जाड, कुठे पातळ चिकटलेला असतो. जाडीतला दोन शतांश मिलिमीटरचा फरकही पायाला जाणवतो. हे घडते कसे, ते सिंहगडावरून उतरणाऱ्यांनी समजून घेण्यासारखे आहे. घाटभर ब्रेकवर पाय ठेवून उतरायचे आणि खाली आल्यावर नाक्यावरच्या रांगेत पेडल गच्च दाबून उभे राहायचे. तापलेला पॅड डिस्कच्या एकाच जागी दाबला जातो आणि तिथे आपला ठसा सोडतो. उतार नसेल तर पेडल सोडून हँडब्रेक लावावा, किंवा गाडी थोडी थोडी पुढे घेत राहावी. उतरल्याबरोबर वॉशिंग सेंटरवर चाकांवर गार पाण्याचा फवाराही मारू नये. तापलेले ओतीव लोखंड एकसारखे आकसत नाही. नवी डिस्क बसवताना हबवरचा (डिस्क ज्यावर बसते त्या चाकाच्या मधल्या भागावरचा) गंज साफ केला नाही, तरीही काही हजार किलोमीटरनंतर हीच थरथर सुरू होते, आणि मग नव्या डिस्कला नावे ठेवली जातात.

गाडी एका बाजूला ओढत असेल, लांबच्या फेरीनंतर एकच चाक फार तापलेले लागत असेल, तर पॅडपेक्षा जाम झालेला कॅलिपर पाहावा. पेडल स्पंजासारखे लागणे हा पॅडचा दोष नव्हे. नळीत हवा शिरली आहे किंवा ऑइल जुने झाले आहे.

डिस्क कधी बदलावी

डिस्कच्या कडेवर किंवा हबच्या भागावर तिची किमान जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. नव्या जाडीपेक्षा ती बहुधा २ मिलिमीटरने कमी असते, म्हणजे प्रत्येक बाजूला जेमतेम एक मिलिमीटरची मुभा. त्याखाली गेलेली डिस्क बदलायचीच, ती दिसायला कितीही गुळगुळीत असो. पातळ डिस्क कमी उष्णता पोटात घेते, लवकर तापते, तडकू शकते, आणि पिस्टनला नको तितके बाहेर यावे लागते.

माप मायक्रोमीटरने, कडेपासून सेंटिमीटरभर आत, सहा-आठ ठिकाणी घ्यावे. साधा व्हर्नियर येथे फसवतो. पॅड जिथे पोहोचत नाही त्या बाहेरच्या कडेला न झिजलेली वरंडी राहते, व्हर्नियरचे जबडे तिच्यावर टेकतात आणि झिजलेली डिस्क जाड दाखवतात. मापाखेरीज तडे, नखाला ठळक अडकणाऱ्या खोल खाचा आणि अतितापाने आलेले निळे डाग पाहावेत. केसासारख्या बारीक रेघा सगळ्याच डिस्कवर असतात. त्यांच्यासाठी डिस्क बदलणे म्हणजे गिऱ्हाइकाचा उगाच खर्च.

डिस्क लेथवर मारून घेण्याची पद्धत पुण्यात जुनी आहे. खाचा पडलेली, पण जाडी शिल्लक असलेली डिस्क अशी सपाट करता येते. अट एकच : फेस मारल्यानंतरची जाडी किमान मापाच्या वर, आणि पुढच्या झिजेसाठी काही शिल्लक राहील इतकी हवी. हे माप न घेता ‘एक हात मारून देतो’ म्हणणाऱ्याकडे डिस्क देऊ नये. आता लहान मोटारींच्या डिस्क नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात सहज मिळतात. लेथच्या मजुरीत थोडी भर घालून नवी घेणे बहुतेकदा शहाणपणाचे ठरते.

घाट, पाऊस आणि पुणे

सिंहगडावरून खाली येणाऱ्या माणसांसकट १,२०० किलो वजनाच्या गाडीचा हिशेब करू. ती ५०० मीटर उंची उतरते तेव्हा सुमारे ५९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तीच गाडी ताशी ६० किलोमीटरवरून पूर्ण थांबवायला सुमारे १ लाख ६७ हजार ज्यूल लागतात. म्हणजे सगळा घाट ब्रेकवरच उतरला तर ताशी ६० वरून जवळजवळ ३५ वेळा थांबवल्याएवढी उष्णता त्या तबकड्यांत जाते, तीही अर्ध्या तासाच्या आत. पॅड एका मर्यादेपलीकडे तापले की त्यांची पकड ढिली पडते. पाय तेवढाच दाबलेला असतो, पण गाडी थांबायला तयार नसते. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरणारा यातली मोठी ऊर्जा इंजिनाला देतो. ताम्हिणी, वरंधा, दिवे घाट, पसरणी, सगळीकडे हिशेब हाच. न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचत नाही : आधुनिक इंजिन गिअरमध्ये उतरताना इंधन बंद करते, न्यूट्रलमध्ये मात्र चालू राहण्यापुरते जाळते. नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर जड वाहनांचे भीषण अपघात झाले आहेत, आणि तिथे गिअरमध्ये उतरण्याचा आग्रह पुन्हा पुन्हा धरावा लागतो तो याच कारणाने. कोकणात उतरायचे असेल तर आधी पॅड पाहावेत. शहरात महिनाभर पुरणारा ३ मिलिमीटरचा थर त्या फेरीला पुरेसा नाही.

पावसाळ्यात ओली डिस्क पहिल्या दाबाला थोडी उशिरा धरते. खोल पाण्यातून गाडी काढल्यावर हलका ब्रेक देत दोनशे मीटर चालवली की पॅड सुकतात. खणलेल्या रस्त्यांवरची बारीक खडी मात्र पॅड आणि डिस्कच्या मधे अडकून खाचा पाडते. एकाच चाकावर खोल गोल रेघ दिसली तर कारण बहुधा तेच. गाडी आठवडाभर उघड्यावर उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नये. मागच्या ड्रमला लायनर चिकटतात आणि चाक हलत नाही. गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट ४ प्रतीचे ताजे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओल भरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत घसरते. उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल तळाला जाते. त्यामुळे पॅड कितीही नवे असले तरी ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे.

बदलताना

पॅड नेहमी एका अक्षावरच्या दोन्ही चाकांचे बदलतात, डिस्कही जोडीने. एकाच बाजूला नवे बसवले तर ब्रेक दाबताना गाडी ओढते. कॅलिपर नळीला लोंबकळत सोडू नये, तारेने बांधावा. पिना साफ करून त्यांना त्यांचेच उष्णतारोधक ग्रीस लावावे. डिस्कवर पॅकिंगचे तेल असते, ते ब्रेक क्लीनरने पुसावे. ब्रेकची काळी भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. ती काम करणाऱ्या पोराच्या छातीत जाते; ओल्या फडक्याने पुसायला दोन मिनिटे जास्त लागतात, तेवढी मालकाने द्यावीत. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असलेल्या गाड्यांत मागचे पिस्टन स्कॅनर जोडून मागे घ्यावे लागतात, जोर लावून नव्हे.

चाके बसवल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल चार-सहा वेळा दाबून घट्ट करून घ्यावे. हे विसरल्यास पहिल्याच दाबाला पाय तळाला टेकतो आणि समोर गॅरेजची भिंत असते. मग पॅड सेट करायचे : पहाटे मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० ते १५ किलोमीटर असा वेग आठ-दहा वेळा एकसारखा कमी करावा, पूर्ण न थांबता, मधे थोडे चालवून डिस्क निवू देत. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक आणि घाट टाळावा.

विजेवर चालणाऱ्या मोटारींत ही सगळी गणिते उलटी होतात. वेग कमी करताना मोटर स्वतःच जनित्र बनते, ब्रेक कमी लागतात आणि पॅड कितीतरी जास्त टिकतात. पण न वापरलेल्या डिस्कवर पुण्याचा पावसाळा गंज चढवतो, पिना सुकतात, आणि जाडी शिल्लक असतानाच डिस्क खड्ड्याखड्ड्यांची होऊन बदलावी लागते. अशा गाडीचे चाकही वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, काढून पाहावे.