व्हर्च्युअल मशिनला जागं करण्याचा खर्च

१० गिगाबिटच्या नेटवर्कवर सर्वांत लहान, म्हणजे ६४ बाइटची पॅकेटं पूर्ण वेगाने येऊ लागली, तर सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख ८० हजार पॅकेटं होतात. दोन पॅकेटांमध्ये उरतात ६७.२ नॅनोसेकंद. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरसाठी हे जेमतेम २०० सायकल. आता हीच पॅकेटं एखाद्या व्हर्च्युअल, म्हणजे खऱ्या मशिनच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या मशिनसाठी असतील, तर प्रोसेसरला त्या आतल्या मशिनमधून (गेस्टमधून) बाहेर पडून ते चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये (हायपरव्हायजरमध्ये) जावं लागतं आणि पुन्हा आत यावं लागतं. या एका फेरीला, म्हणजे व्हीएम एक्झिटला, साधारण १००० ते २००० सायकल लागतात. दहा रुपयांचा माल आणि शंभराची जकात.

त्यामुळे व्हर्च्युअल उपकरणाचा इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला ‘इकडे लक्ष दे’ असं सांगणारी हाक, कार्यक्षम आहे की नाही, हे ठरवताना इंटरप्ट किती आले यापेक्षा त्यापायी एक्झिट किती झाल्या हे मोजायचं. खऱ्या मशिनमध्ये इंटरप्ट आला की प्रोसेसर हातातलं काम थांबवतो, ड्रायव्हरचं ठरलेलं फंक्शन चालवतो आणि परत जातो. व्हर्च्युअल मशिनमध्ये मात्र इंटरप्ट पोहोचवताना, ड्रायव्हरने उपकरणाला प्रश्न विचारताना आणि शेवटी ‘काम झालं’ असं सांगताना, तिन्ही ठिकाणी एक्झिट होऊ शकते.

इंटेलच्या जुन्या ई१००० नेटवर्क कार्डाचं उदाहरण घेऊ. उपकरणांचं अनुकरण करणाऱ्या क्यूईमू या प्रोग्रॅममध्ये ते हुबेहूब उभं केलेलं आहे आणि गेस्टमधल्या ड्रायव्हरला आपण नकली कार्डाशी बोलतोय याचा पत्ताही नसतो. इंटरप्ट आला की लिनक्सचा ड्रायव्हर आधी इंटरप्टच्या कारणाचं रजिस्टर (कार्डातला छोटा नोंदकप्पा) वाचतो, मग मास्कच्या रजिस्टरमध्ये लिहून पुढचे इंटरप्ट बंद करतो. पॅकेटं उचलून झाली की इंटरप्ट पुन्हा चालू करायला लिहितो आणि ते लिखाण खरंच पोहोचलं याची खात्री करायला स्टेटस रजिस्टर वाचतो. मधून मधून नव्या बफरांची, म्हणजे पॅकेटं ठेवायच्या मेमरीतल्या कप्प्यांची, जागाही कळवतो. खऱ्या कार्डावर हे सगळं मायक्रोसेकंदभरात आटोपतं. इथे मात्र प्रत्येक वाचन-लेखन म्हणजे एक एक्झिट, आणि तीही नुसती होस्टच्या, म्हणजे खऱ्या मशिनच्या, कर्नलपर्यंत (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यापर्यंत) नाही, तर थेट क्यूईमूच्या प्रोसेसपर्यंत, त्यामुळे आणखी कित्येक पट महाग. एका इंटरप्टमागे अशा चार-पाच फेऱ्या होतात. वर गेस्टचे इंटरप्ट त्या क्षणी बंद असतील, तर ते चालू होताच बाहेर ये असं प्रोसेसरला सांगून ठेवावं लागतं, म्हणजे आणखी एक एक्झिट. ई१००० अनुकरण म्हणून उत्तम आहे, पण भरपूर वाहतुकीच्या सर्व्हरवर ते ठेवू नये.

मार्ग निघाला तो नकली उपकरणाने नकली असल्याचं मान्य करण्यातून. लिनक्सचे प्रोग्रॅमर रस्टी रसेल यांनी मांडलेल्या व्हर्टआयओ या पद्धतीत गेस्ट आणि होस्ट मेमरीतल्या सामाईक रिंगमधून (गोल फिरणाऱ्या यादीतून) बोलतात. गेस्ट एका रिंगमध्ये बफर ठेवतो, होस्ट वापरून झालेले बफर दुसऱ्या रिंगमध्ये नोंदवतो. मेमरी वाचायला एक्झिट लागत नाही, त्यामुळे ‘तुझं काय म्हणणं आहे?’ असा प्रश्न रजिस्टरला विचारायची गरजच उरत नाही. एक सवय मात्र सोडावी लागते. जुन्या पद्धतीच्या, लाइनवरून येणाऱ्या इंटरप्टमध्ये व्हर्टआयओच्या ड्रायव्हरलाही इंटरप्टचं कारण सांगणारं एक आयएसआर रजिस्टर वाचावं लागतं. एमएसआय-एक्स (लाइनऐवजी मेमरीत लिहून इंटरप्ट देण्याची पद्धत) वापरलं की प्रत्येक रांगेला, म्हणजे रिंगांच्या प्रत्येक संचाला, स्वतःचा वेक्टर (इंटरप्टचा क्रमांक) मिळतो, कोण बोललं ते वेक्टरवरूनच कळतं आणि ते वाचन गळून पडतं.

तरी प्रत्येक पॅकेटमागे इंटरप्ट देणं परवडत नाहीच. त्यावर व्हर्टआयओची युक्ती आहे इव्हेंट इंडेक्सची. ड्रायव्हर रिंगमध्ये एक आकडा लिहून ठेवतो: नोंद इथवर आली की मला उठव, तोवर नको. समजा ड्रायव्हरने १०० पर्यंतच्या नोंदी उचलल्या आणि १०० हा आकडा लिहिला. होस्टने तीन नोंदी घातल्या, इंडेक्स (नोंदींचा चालू आकडा) १०० वरून १०३ वर गेला. होस्ट ‘नवा वजा लिहिलेला वजा एक’ काढतो: २. ते ‘नवा वजा जुना’ म्हणजे ३ पेक्षा कमी आहे, तेव्हा इंटरप्ट द्यायचा. ड्रायव्हर अजून कामात असतानाच आणखी पाच नोंदी आल्या आणि इंडेक्स १०८ झाला, तर ७ आणि ५ ची तुलना होते, इंटरप्ट नाही. ड्रायव्हर जागाच आहे, त्याला पुन्हा हलवण्यात अर्थ नाही.

हे आकडे १६ बिटांचे आहेत, ६५५३५ नंतर पुन्हा ० येतो. म्हणून ती विचित्र वजाबाकी. ‘नवा इंडेक्स लिहिलेल्यापेक्षा मोठा आहे का?’ अशी सरळ तुलना केली, तर ६५५३४ वरून १ वर जाताना उत्तर चुकतं आणि इंटरप्ट हरवतो. सेकंदाला दहा हजार पॅकेटं असतील तर अशी संधी साडेसहा सेकंदांनी एकदा येते, आणि तेव्हाही लिहिलेला आकडा नेमका त्या सीमेवर असेल तरच चूक दिसते. छोट्या चाचणीत ती सहसा सापडत नाही.

याहून अवघड चूक आहे क्रमाची. रिंग रिकामी दिसली की ड्रायव्हर ‘आता उठव’ म्हणून आकडा लिहितो आणि झोपतो. पण रिंग रिकामी पाहणं आणि आकडा लिहिणं यांच्या मधल्या फटीत होस्टने नोंद घातली तर? म्हणून नियम असा की आकडा लिहिल्यानंतर रिंग पुन्हा एकदा तपासायची. एवढंही पुरत नाही. एक्स८६ प्रोसेसरवर लिखाण आधी स्टोअर बफरमध्ये थांबतं आणि त्यानंतरचं वाचन पुढे निघून जाऊ शकतं. ड्रायव्हरचा नवा आकडा त्याच्या कोअरच्या बफरमध्ये अडकलेला, होस्टचा नवा इंडेक्स होस्टच्या कोअरच्या बफरमध्ये अडकलेला, आणि दोघंही एकमेकांची जुनी किंमत वाचतात. ड्रायव्हर म्हणतो रिंग रिकामी, होस्ट म्हणतो इंटरप्ट नको.

पुढचं पॅकेट आलं की गाडी रुळावर येईल, असं वाटेल. येत नाही. इंडेक्स आता १०१ आहे आणि लिहिलेला आकडा १००. पुढची नोंद १०२ ची: १०२ वजा १०० वजा १ म्हणजे १, आणि नवा वजा जुना तोही १. एक हे एकापेक्षा कमी नाही, इंटरप्ट नाही. त्यापुढचं पॅकेट आलं तरी तेच. २५६ बफरांची रिंग भरते, होस्टकडे जागा उरत नाही आणि नेटवर्क कायमचं गप्प होतं. सीपीयू निवांत, लॉगमध्ये एक ओळ नाही. उपाय म्हणजे दोन्ही बाजूंना लिखाण आणि वाचन यांच्या मध्ये पूर्ण मेमरी बॅरिअर, म्हणजे आधीचं लिखाण पोहोचेपर्यंत पुढचं वाचन रोखणारी सूचना. एकाच बाजूला घालून भागत नाही. आणि गेस्ट व होस्टचा थ्रेड एकाच कोअरला बांधून चाचणी घेतली, तर हा दोष दिसतच नाही, कारण एक कोअर स्वतःचं लिखाण नेहमी बरोबर क्रमाने पाहतो.

पाठवण्याच्या बाजूला काम सोपं आहे. पाठवलेल्या पॅकेटाचा बफर परत मिळण्याची कुणाला घाई नसते, म्हणून लिनक्सचा ड्रायव्हर शिल्लक बफरांपैकी तीन-चतुर्थांश संपले की मगच उठव असं सांगू शकतो. घेण्याच्या बाजूला लिनक्सची नॅपी ही यंत्रणा एका इंटरप्टमागे एका दमात जास्तीत जास्त ६४ पॅकेटं उचलते आणि काम संपेपर्यंत इंटरप्ट बंद ठेवते. हे बंद करणं रिंगमधूनच व्हायला हवं. एमएसआय-एक्सच्या टेबलातला मास्क बिट दर वेळी हलवणारा ड्रायव्हर लिहिला, तर ते टेबल अनुकरण केलेलं असल्याने बचत केलेली एक्झिट दुसऱ्या दाराने परत येते.

आता इंटरप्ट पोहोचवण्याकडे. २००९ मध्ये केव्हीएममध्ये, म्हणजे लिनक्स कर्नलमधल्या हायपरव्हायजरमध्ये, आयओइव्हेंटएफडी आणि आयआरक्यूएफडी या दोन सोयी आल्या. पहिल्याने गेस्टने दिलेली सूचना कर्नलमध्येच झेलली जाते, दुसऱ्याने कर्नलमधूनच गेस्टला इंटरप्ट देता येतो. पुढच्या वर्षी आलेल्या व्हीहोस्ट-नेटने याच दोन टोकांना धरून पॅकेटांची सगळी ने-आण कर्नलमध्ये नेली आणि क्यूईमू या रस्त्यातून बाजूला झालं.

एक्झिट तरीही उरतेच. गेस्ट चालू असलेल्या कोअरला थांबवल्याशिवाय त्यात इंटरप्ट घालता येत नव्हता. २०१२ मध्ये आयबीएमच्या हायफा इथल्या प्रयोगशाळेतल्या आणि टेक्निऑन विद्यापीठाच्या संशोधकांनी, गेस्टला थेट दिलेल्या उपकरणाचे इंटरप्ट सॉफ्टवेअरच्या युक्तीने हायपरव्हायजरला न उठवता गेस्टमध्ये पोहोचवले. थ्रूपुट (ठरावीक वेळात होणारं काम) १.३ ते १.६ पट झाला आणि खऱ्या मशिनच्या ९७ ते १०० टक्क्यांवर गेला. एक्झिटचा भार किती मोठा होता हे यावरून कळतं.

हेच काम पुढे इंटेलने हार्डवेअरमध्ये आणलं. प्रत्येक व्हर्च्युअल सीपीयूसाठी मेमरीत ६४ बाइटचा एक डिस्क्रिप्टर (माहितीचा तक्ता) असतो. त्यात २५६ बिट, प्रत्येक वेक्टरला एक. पाठवणारा आपल्या वेक्टरचा बिट उभा करतो, मग ‘सूचना बाकी आहे’ असा एक बिट उभा करतो. तो आधीच उभा असेल तर काहीच करायचं नाही, कोणीतरी आधीच खबर दिलेली आहे. नसेल तर त्या कोअरला एक ठरलेला इंटरप्ट पाठवायचा. कोअर गेस्टमध्ये असेल, तर हार्डवेअर ते सगळे बिट गेस्टच्या एपिकमध्ये (इंटरप्ट हाताळणाऱ्या भागात) वळते करतं आणि गेस्टचा हँडलर सुरू होतो, एक्झिट शून्य. गेस्टने ‘काम झालं’ म्हणून एपिकमध्ये लिहिणंही बहुतेक वेळा हार्डवेअरच झेलतं. क्रमाचं भूत इथेही आहे. आधी ‘सूचना बाकी आहे’ हा बिट पाडायचा, मग २५६ बिट वाचायचे. उलट केलं तर मधल्या वेळात आलेला वेक्टर तसाच पडून राहतो.

पण हे सगळं व्हर्च्युअल सीपीयू जागा असताना. तो एचएलटी (‘थांब’ ही प्रोसेसरची आज्ञा) करून झोपला असेल, तर शेड्युलरने त्याला उठवायचं, कोअर गाढ झोपेतून बाहेर यायचा, मग गेस्ट सुरू व्हायचा. कमी वाहतुकीत प्रतिसाद उलट मंद का वाटतो, याचं कारण बहुधा हेच. केव्हीएम त्यासाठी झोपण्याआधी थोडा वेळ घुटमळतं. एक्स८६ वर ही मर्यादा मुळात २०० मायक्रोसेकंद ठेवलेली आहे. ती वाढवली की प्रतिसाद सुधारतो आणि होस्टचा सीपीयू फुकट जळतो. एकाच कोअरवर अनेक गेस्ट कोंबले असतील तर ती वाढवू नये.

मोजायला होस्टवर पर्फ या लिनक्सच्या मोजमापाच्या साधनातलं केव्हीएम स्टॅट लावावं. एक्झिटच्या कारणांमध्ये ‘ईपीटी मिसकॉन्फिग’ वरच्या क्रमांकावर दिसलं तर घाबरू नये. नाव ईपीटीतल्या (गेस्टच्या मेमरीचे पत्ते खऱ्या पत्त्यांशी जोडणाऱ्या तक्त्यातल्या) बिघाडाचं असलं तरी उपकरणाच्या रजिस्टरांची पानं केव्हीएम मुद्दामच तशी खूण करून ठेवतं. तो आकडा म्हणजे गेस्ट उपकरणाला किती वेळा हाक मारतोय याची मोजणी. ‘एक्स्टर्नल इंटरप्ट’ जास्त असेल, तर होस्टचे इंटरप्ट गेस्टच्याच कोअरवर येऊन पडताहेत. ते दुसऱ्या कोअरवर हलवावेत. एपिकच्या लिखाणाच्या एक्झिट ढिगाने दिसल्या, तर हार्डवेअरची सोय बंद आहे का ते केव्हीएम मोड्यूलच्या पर्यायांत पाहावं. एएमडीवर ती बरीच वर्षं आपोआप चालू होत नसे.

गेस्टच्या आत प्रॉक या लिनक्सच्या माहितीच्या फोल्डरमधली इंटरप्टची यादी पाहावी. प्रत्येक रांगेपुढे वेगळी ओळ हवी. ‘व्हर्टक्यूज’ नावाची एकच ओळ दिसली, तर वेक्टर कमी पडले आणि ड्रायव्हरने सगळ्या रांगा एका वेक्टरवर आणल्या असं समजावं. मग चार व्हर्च्युअल सीपीयू असूनही पॅकेटांचं ओझं एकटाच वाहतो. क्यूईमूला वेक्टर सांगताना रांगांच्या जोड्यांची दुप्पट अधिक दोन हा हिशेब धरावा: चार जोड्यांना दहा, त्यातला एक नियंत्रणाच्या रांगेचा आणि एक सेटिंग बदलल्याची खबर देणारा.