पार्श्वभूमी: डोक्याला मार लागल्यावर सीटी स्कॅन कुणाचा?

पावसाळ्यात गायमुख घाटात किंवा शिळफाट्याला दुचाकी घसरते. स्वार उठतो, कपडे झटकतो, 'काही नाही झालं' म्हणत घरी जातो. ठाणे-नवी मुंबईच्या अपघात विभागांत डॉक्टर आणि नातेवाइकांचे खटके उडतात ते बेशुद्ध रुग्णावरून क्वचितच, अशा चालत्या-बोलत्या रुग्णावरूनच जास्त.

1971 पूर्वी कवटीच्या एक्स-रेवर भागवावे लागे. त्यात मोडलेले हाड दिसे, आतला रक्तस्राव नाही. त्या वर्षी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. 1974 मध्ये ग्लासगोच्या दोन न्यूरोसर्जननी डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांवरून शुद्ध मोजायची पद्धत मांडली. आज तिचे गुण 3 ते 15 असे धरतात. 8 किंवा त्याखाली गंभीर, 13 ते 15 सौम्य.

घात होतो तो या सौम्य गटात. कानशिलाच्या हाडाखालची रक्तवाहिनी फाटली, तर रुग्ण काही तास नीट बोलतो. मग डोकेदुखी वाढते, उलट्या होतात, गुंगी येते, एका डोळ्याची बाहुली मोठी होते. वेळेत शस्त्रक्रिया करून साठलेल्या रक्ताची गाठ काढली तर तो पूर्ण बरा होऊ शकतो. वयस्करांत रक्त हळूहळू साठते; पडल्यानंतर काही आठवड्यांनी चालताना तोल जातो, विसरायला होते, आणि घरचे त्याला म्हातारपण समजतात.

मग सगळ्यांचाच स्कॅन का नाही? किरणोत्सर्ग आणि खर्च ही दोन कारणे. लहान मुलांत पहिले अधिक महत्त्वाचे. 2001 मध्ये कॅनडात यावर नियम तयार झाला. काही क्षण शुद्ध हरपली असेल किंवा प्रसंग आठवत नसेल, अशा सौम्य गटातल्या प्रौढांसाठी तो आहे. दोन तासांनंतरही गुण 15 पेक्षा कमी, दोन किंवा अधिक उलट्या, वय 65 किंवा जास्त, कवटी मोडल्याची लक्षणे, यांपैकी एक जरी असेल तरी स्कॅन. अपघात मोठा असेल किंवा आधीच्या अर्ध्या तासातले काही आठवत नसेल, तरीही. रक्त पातळ करणारी गोळी घेणारे या नियमात बसतच नाहीत. त्यांचा स्कॅन करावाच.

नियम उत्तम आहे, पण 'घरी न्या, 24 तास लक्ष ठेवा' या सल्ल्यात घरी जागे राहणारे माणूस आणि जवळ रुग्णालय गृहीत असते. भाड्याच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या डिलिव्हरीच्या मुलाकडे रात्री कोण बघणार? मुरबाड-शहापूरहून आलेल्याने बिघडल्यावर परत कधी पोहोचायचे? अशा वेळी स्कॅन करावा, नाहीतर रात्रभर ठेवून तरी घ्यावे. घरी सोडणे हा इथे फार मोठा जुगार आहे.

औषधांचेही तसेच. सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड वर्षानुवर्षे दिली गेली. 2004 मध्ये दहा हजारांवर रुग्णांच्या चाचणीत त्यांनी मृत्यू वाढल्याचे दिसले. 2019 मध्ये रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक आम्लाचा सौम्य-मध्यम दुखापतीत फायदा दिसला, तोही तीन तासांच्या आत दिले तर.

हे तीन तास बरेचदा रस्त्यातच जातात, कारण पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून बघे पुढे येत नाहीत. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले, 2019 च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यात आले. जखमीला रुग्णालयात पोहोचवणाऱ्यावर आता नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.