संशय माणसावर की मोहल्ल्यावर?

धर्माच्या नावावर भरकटणाऱ्या तरुणांना रोखताना महाराष्ट्र पोलीस हल्ली पालकांना आणि धर्मगुरूंनाही सोबत घेतात. या रीतीची मुळं भिवंडीत सापडतात.

यंत्रमागांच्या या गावात मे १९७०मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली. न्या. मादन आयोगाने चौकशीत पोलिसांच्या विशेष तपास पथकाच्या पक्षपातावरच बोट ठेवलं. तरी १९८४मध्ये गाव पुन्हा जळालं. १९८८मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. हिंदू-मुसलमान सदस्य बरोबरीने, पुढाऱ्यांऐवजी साधे रहिवासी, आणि सोबत त्या भागातला पोलीस. गल्लीतली किरकोळ भांडणं तिथल्या तिथे मिटायची. मुख्य म्हणजे हवालदाराला माणसं नावानिशी ओळखू यायची. १९९२-९३मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. मग १९९४पासून मुंबईतही हा प्रयोग सुरू झाला. त्यामागे माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी होते.

विश्वासाची ही कमाई मालेगावात उधळली गेली. ८ सप्टेंबर २००६ला, शब-ए-बरातच्या दिवशी, कब्रस्तानाजवळ स्फोट होऊन तीसहून अधिक माणसं गेली. मेलेले मुसलमान आणि पकडलेले नऊ जणही मुसलमान. त्यांतले बहुतेक पाच वर्षं तुरुंगात राहिले. एप्रिल २०१६मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं, पण एक जण तोवर हयात नव्हता. उलट २०१३मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, पुढे दोघांना जन्मठेप लागली, तेव्हा त्या दोघांच्या अख्ख्या समाजाकडे कुणी खुलासा मागितला नाही. ते योग्यच झालं. हाच न्याय मालेगावच्या वाट्याला का येऊ नये?

मे २०१४मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंसोबत इराकला गेले आणि ‘इस्लामिक स्टेट’कडे वळले. ते बेपत्ता झाल्याचं सांगायला घरचेच पोलिसांकडे गेले. एक जण नोव्हेंबरमध्ये परतला. त्याला अटक झाली, खटला उभा राहिला. कायद्याने तिथे आपलं काम केलं. पण गुन्हा घडण्याआधी काय करायचं? डिसेंबर २०१५मध्ये पुण्यातली सोळा वर्षांची शाळकरी मुलगी इंटरनेटवरून याच जाळ्यात ओढली जात असल्याचं दहशतवादविरोधी पथकाला कळलं. जीन्स घालणारी मुलगी बुरखा घालू लागली होती, सीरियाला जायच्या तयारीत होती. पथकाने तिला अटक केली नाही. घरच्यांना आणि धर्मगुरूंना सोबत घेऊन तिचं समुपदेशन सुरू केलं.