रोपाच्या चिठ्ठीवरचं साल: पीस आणि इतर मानकरी गुलाब

आमच्या काही गुलाबांच्या चिठ्ठीवर नावाखाली १९४६, १९५५ असं साल असतं. रोप इतकं जुनं आहे का, असं बरेच ग्राहक विचारतात. रोप नवंच आहे. ते साल त्या जातीला 'ऑल-अमेरिका रोझ सिलेक्शन्स' हा मान मिळाल्याचं. त्याआधी नवी जात अमेरिकेतल्या निरनिराळ्या हवामानाच्या बागांत दोन वर्षं लावून पारखत.

१९४६ चा मानकरी 'पीस'. फ्रान्समध्ये लियोंजवळ फ्रान्सिस मेयाँ यांच्याकडे संकराच्या बियांतून उगवलेलं हे एक रोप, क्रमांक ३-३५-४०. महायुद्ध पेटण्याच्या सुमारास त्याच्या डोळकाड्या (कलमासाठी कापलेल्या, डोळे म्हणजे न फुटलेले कोंब असलेल्या काड्या) जर्मनी, इटली आणि अमेरिकेत गेल्या आणि मग संपर्क तुटला. मेयाँनी जातीला आईचं नाव दिलं. इटलीत ती 'जोया' झाली, जर्मनीत 'ग्लोरिया दाय'. २९ एप्रिल १९४५ रोजी कॅलिफोर्नियातल्या पासाडेनात तिचं 'पीस' असं बारसं झालं. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रांच्या स्थापनेसाठी जमलेल्या प्रतिनिधींना ही फुलं देण्यात आली. पिवळ्या पाकळीला गुलाबी कड, फूल तळहाताएवढं. वास मात्र मंद आहे, हे आधीच सांगतो.

तुमच्या कुंडीतलं पीस हे त्याच एका रोपाचं अंग आहे, डोळ्याडोळ्यानं इथवर आलेलं. म्हणून तुम्ही घरी दोन झाडं नेता: खाली मुळांसह जंगली गुलाबाचा खुंट, वर त्यात भरलेला पीसचा डोळा. दोन्ही जुळतात तो सांधा. सांध्याखालून जोमदार फुटवा आला की लोक खूश होतात, पण तो खुंटाचा असतो. राहू दिलात तर वर्षा-दोन वर्षांत पीस जातं आणि जंगली गुलाब उरतो. माती बाजूला करून तो मुळापासून ओढून काढा. नुसता कापलात तर पुन्हा फुटतो.

वास हवा असेल तर गर्द लाल 'मिस्टर लिंकन' (१९६५) घ्या. 'क्वीन एलिझाबेथ' (१९५५) गुलाबी, पुरुषभर उंच वाढणारी. छोट्या गॅलरीसाठी आम्ही ती देत नाही. 'सुपरस्टार'चा (१९६३) झगझगीत शेंदरी-केशरी रंग त्या काळी गुलाबांत नवलाचा होता.

पावसाळा सरला की ऑक्टोबरात छाटणी करा. साधारण दीड महिन्यात फुलं येतात. पीसला मात्र कात्री हलकी लावा, खोल छाटणी त्याला मानवत नाही. आणि रोप नेताना सांधा कुठे आहे ते विचारा. आम्ही बोट ठेवून दाखवतो.