छोट्या ट्रॅक्टरचं बॅलास्ट

बॅलास्ट म्हणजे ट्रॅक्टरला मुद्दाम दिलेलं जादा वजन. ते चाकाला बोल्टनं लावलेले लोखंडी वेट असतील, टायरमध्ये भरलेलं पाणी असेल, बंपरवरचे वेट असतील नाहीतर मागं लिंकेजला (अवजार जोडायच्या उचलत्या दांड्यांना) अडकवलेली काँक्रीटची पेटी. छोटा ट्रॅक्टर मुळातच हलका, त्यामुळं ओढकामात मागची चाकं जागेवर फिरतात, डिझेल वाया जातं आणि टायर झिजतात. पण मातीत साधारण 8 ते 15 टक्के स्लिप, म्हणजे चाकाचं जागेवर घसरून फिरणं, असावीच, अजिबात स्लिप नसेल तर वजन जास्त झालंय आणि सगळा ताण गिअरबॉक्सवर जातोय.

पुढं लोडर, म्हणजे माती उचलायची बकेट, असेल तर हिशोबच वेगळा. बकेट भरून उचलली की पुढचा ॲक्सल टेकू होतो, मागची बाजू हलकी पडते, आणि बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात म्हणून उतारावर हे फार धोक्याचं. इथं बरेच जण टायरमध्ये पाणी भरतात आणि काम झालं समजतात. त्यानं मागची चाकं जमीन धरतात हे खरं, पण पुढच्या ॲक्सलवरचा भार काहीच कमी होत नाही. तो कमी करायचा तर वजन मागच्या ॲक्सलच्याही मागं, लिंकेजवर पाहिजे, पेटी नाहीतर एखादं जड अवजार. म्हणून लोडरवाल्यानं आधी पेटी करावी, पाण्याचं नंतर बघावं.

पाणी भरताना व्हॉल्व वर ठेवून त्याच्या पातळीपर्यंतच भरतात, म्हणजे सुमारे 75 टक्के, वरची हवा राहायलाच हवी. थंड प्रदेशात साधं पाणी गोठतं. कॅल्शियम क्लोराईडचं द्रावण सहजासहजी गोठत नाही आणि पाण्यापेक्षा जडही असतं, पण गळलं की रिम गंजवतं.

मागं जड अवजार असेल तर उलट पुढं वेट लागतात, अवजार उचललेलं असताना एकूण वजनाचा निदान 20 टक्के भाग पुढच्या चाकांवर हवा, नाहीतर स्टिअरिंग ऐकत नाही. आणि ओढायची साखळी ड्रॉबारलाच (मागं खालच्या बाजूला असलेल्या ओढायच्या पट्टीलाच) बांधायची, वर कुठं बांधली तर ट्रॅक्टर मागं उलटू शकतो आणि पुढच्या वजनावर तिथं भरवसा ठेवता येत नाही.

नुसतं गवत कापायचं असेल किंवा जमीन ओली असेल तर बॅलास्ट नकोच, माती दबते, चाकोऱ्या पडतात. पेटी दोन मिनिटांत काढता येते, टायरमधलं पाणी नाही. मॅन्युअलमधली वजनाची मर्यादा आणि टायरवर लिहिलेली क्षमता, यातली जी कमी ती पाळायची.