न भरणारी टाकी

"वीस वर्षांत आमची टाकी एकदाही भरली नाही!" वेंगुर्ल्याचे आमचे काका हे अभिमानाने सांगतात. खरं तर सेप्टिक टँक वापरात आली की थोड्याच दिवसांत भरते आणि पुढे कायम भरलेलीच असते. इकडून बादलीभर पाणी आलं की तिकडून बादलीभर शोषखड्ड्यात जातं. प्रश्न आहे तो त्या दुसऱ्या बादलीचा.

टाकीचं काम पाणी थोपवून धरण्याचं. एक-दोन दिवस निवांत राहिलं की जड मैला तळाला बसतो, तेलकट साय वर येते आणि मधलं त्यातल्या त्यात निवळ पाणी टी आकाराच्या नळीतून बाहेर पडतं. तळाचा गाळ जिवाणू पचवतात, पण सगळा नाही. उरलेला चढत जातो आणि पाण्याचा मुक्काम घटतो. इथे स्टोक्सचा नियम आडवा येतो. घनता तीच धरली, तर कण बुडण्याचा वेग व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. मैल्यातलं जंताचं अंडं साधारण 50 मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), जिवाणू 1 मायक्रॉनचा, म्हणजे अडीच हजारपट सावकाश! जिवाणू एरवीही निसटतातच. मुक्काम काही तासांवर आला, त्यात न्हाणीच्या लोंढ्याने गाळ ढवळला, की अंडीही निघतात. खाली भेगाळ जांभा, पावसाळ्यात वर आलेलं भूजल आणि चार पावलांवर विहीर.

काकांचा उपाय म्हणजे दर अमावास्येला गूळ आणि ताक. आता ऑनलाइन 'जिवाणू पावडर'ही मिळते. अहो, एक ग्रॅम विष्ठेत अब्जावधी जिवाणू असतात, तिथे चमचाभर पावडर काय करणार? आणि गाळात वाळूही असते, ती पचवणारा जिवाणू अजून जन्मायचाय.

उपसा दर 2-3 वर्षांनी हवा. फिलिपिन्समधल्या दुमागेते या किनारी शहरात त्यासाठी कुणाच्या तक्रारीची वाट बघत नाहीत. पाण्याच्या बिलातच घनमीटरमागे ठरावीक रक्कम घेतात, पाळी आली की टँकर दारात येतो आणि मैलागाळ शुद्धीकरणाच्या तळ्यांकडे जातो. आपल्याकडे वाई आणि सिन्नरनेही वेळापत्रकाने उपसा सुरू केला, पण ती गावं समुद्रापासून लांब.

शेवटी मी बांबूला पांढरा फडका गुंडाळला. झाकण उघडून लांब उभे राहिलो, कारण आतला वायू जीवघेणा असतो. मग बांबू तळापर्यंत सोडून हळूच वर काढला. फडका पावणेतीन फूट काळा. नळीचं तोंड त्याच्यावर जेमतेम वीतभर.