एमपीएफआय म्हणजे बारा व्हॉल्व्ह नव्हे

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं कार्बोरेटरच्या मारुती ८०० अजून बऱ्याच दारांत उभ्या आहेत. पत्रा ठीक असतो, इंजिन थकलेलं असतं. मग कुणीतरी सांगतं, "एमपीएफआय इंजिन टाका ओ, गाडी पळंल." मालक जुन्या बाजारात जातो, एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल घेणारं, इंजिन मागतो आणि त्याला एमपीएफआय इंजिनच मिळतं. पैसे जातात, आठवडाभर गाडी ग्यारेजात राहते आणि बाहेर आल्यावर होती तेवढीच ओढते. यात विकणाऱ्यानं फसवलेलं नसतं. मालकाला बारा व्हॉल्व्हचं (व्हॉल्व्ह म्हणजे हवा आत घेणारी, धूर बाहेर सोडणारी झडप) इंजिन हवं होतं आणि त्यानं तोंडानं एमपीएफआय मागितलं. हा घोळ इतक्या वेळा ऐकलाय की एकदा सविस्तर लिहायलाच हवं.

८०० गाडी तुम्हाला माहीत आहे. १९८३च्या डिसेंबरात आली, २०१४च्या जानेवारीत बनायची बंद झाली. तिचं मूळचं इंजिन एफ८बी. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, एका सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह, म्हणून सहा व्हॉल्व्ह. २००० साली अल्टो आली तिच्यात एफ८डी होतं. तेही तीन सिलिंडर, तेही ७९६ सीसी. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, दोन्हीकडं ६८.५ मिलिमीटर, आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, ७२. फरक हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांच्या वरच्या भागात आहे: एफ८डीला एका सिलिंडरमागं चार व्हॉल्व्ह, एकूण बारा. आरसी बुकात सीसी सारखाच दिसतो म्हणून "सेमच हाय" म्हणणारे मेस्त्री भेटतात. सीसी सारखा म्हणजे इंजिन सारखं, हे मला अजिबात मान्य नाही.

घोळाची मुळं त्याच काळात आहेत. २०००च्या सुमारास धुराचे नियम कडक झाले आणि ८००च्या कार्बोरेटरचे दिवस संपले. पण तेव्हा ८०० दोन वेगवेगळ्या इंजिनांसह मिळू लागली. साधी गाडी होती तिच्यात जुनंच सहा व्हॉल्व्हचं एफ८बी राहिलं, फक्त कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आलं, गिअर चारच. वरच्या मॉडेलमध्ये अल्टोचं बारा व्हॉल्व्हचं एफ८डी आलं आणि पाच गिअर आले. एमपीएफआय दोन्ही होत्या. लोकांनी चालवून बघितली ती पाच गिअरची, आवडलीही तीच, आणि लक्षात मात्र राहिलं एमपीएफआय.

एमपीएफआय ही पेट्रोल देण्याची पद्धत आहे. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर, आणि किती पेट्रोल सोडायचं ते सेन्सरांकडून माहिती घेऊन इसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो. व्हॉल्व्ह किती आहेत त्यावर ठरतं ते इंजिनानं किती हवा आत घ्यायची आणि किती धूर बाहेर टाकायचा, तेही भरभर फिरताना. एक म्हणजे जेवण वाढणारा हात, दुसरा म्हणजे गिळणारा घसा. हात कितीही नेमका झाला तरी घसा तेवढाच असेल तर माणूस जास्त जेवत नाही.

म्हणून सहा व्हॉल्व्हच्या इंजिनावर इंजेक्शन आलं तरी ताकद वाढली नाही. कार्बोरेटरच्या एफ८बीची ताकद ४० बीएचपीच्या आसपास, एमपीएफआय एफ८बीची ३७. तिथं मिळतं ते वेगळं: खानापूर-जांबोटीच्या पावसात सकाळी चोक न ओढता पहिल्या सेल्फला चालू होणारी गाडी, बिनकुरबुरीचं आयडलिंग, कमी धूर. ज्याला एवढंच हवंय त्यानं सहा व्हॉल्व्हचं एमपीएफआय खुशाल घ्यावं. पण "पिकअप वाढंल" म्हणून ते कुणाच्या गळ्यात मारू नये.

बारा व्हॉल्व्हच्या अल्टोचं इंजिन ४६ बीएचपीच्या आसपास देतं. आता इथं नीट थांबा, कारण बारा व्हॉल्व्ह घेणारेही इथंच निराश होतात. ही ताकद वर, ६००० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) पुढं मिळते. टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, बघितला तर एफ८बीचा ५९ न्यूटन-मीटर, तोही २५०० आरपीएमलाच. एफ८डीचा ६२, आणि तो ३०००ला. फरक जेमतेम तीनाचा, शिवाय थोडा वर सरकलेला. म्हणजे चोर्ला घाटात चार माणसं घेऊन दुसऱ्या गिअरवर हळूहळू चढताना तुम्हाला फारसं काही जाणवणार नाही. जाणवेल ते बेळगावहून निपाणीला हायवेनं ८०च्या वर जाताना, ओव्हरटेक करताना, आणि पाचवा गिअर टाकल्यावर आवाज उतरेल तेव्हा. घाटासाठीच इंजिन बदलणाऱ्यांना माझं सांगणं असतं की आधी कॉम्प्रेशन तपासा, टॅपेट आणि टायमिंग बघा, क्लच प्लेट बघा. घाटात रडणाऱ्या कित्येक ८००चा आजार एवढ्यातच निघतो. बोअरिंग करून नवीन पिस्टन-रिंग घातलेलं जुनं एफ८बी चोर्ला निमूट चढतं.

दुसरी गोष्ट पैशाची नाही, जिवाची आहे. इंजिन बे मध्ये बसलं म्हणजे काम झालं असं नाही. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलचा पंप इंजिनवर चालतो आणि दाब पाव-अर्ध्या बारच्या आत असतो. एमपीएफआयला टाकीतला इलेक्ट्रिक पंप लागतो आणि दाब अडीच-तीन बारपर्यंत जातो. जुनी रबरी नळी, जुने क्लिप या दाबाला टिकत नाहीत. गरम एक्झॉस्टशेजारी पेट्रोलची पिचकारी उडाली तर गाडी पेटते. म्हणून टाकी, पंप, फिल्टर, लाइन हे सगळं एमपीएफआय गाडीचंच हवं. त्याच्या जोडीला इसीएम, अख्खं वायरिंग, सेन्सर आणि ऑक्सिजन सेन्सर असलेला एक्झॉस्ट. दाता गाडीत, म्हणजे इंजिन जिच्यातून काढलं तिच्यात, इमोबिलायझर (चोरी रोखणारं चावीचं कुलूप) असेल तर चावीसुद्धा. इसीएम चावी ओळखतो, नुसतं इंजिन आणलं तर ते फिरेल पण चालू होणार नाही. सुटी वायर जोडून "चालवून दाखवतो" म्हणणाऱ्या ग्यारेजातून गाडी परत आणा. आणि बारा व्हॉल्व्हच्या इंजिनावर जुना कार्बोरेटर बसवणं हा जुगाड मला पाहवत नाही. दोन्हीकडचं चांगलं तेवढं त्यात जातं.

त्यामुळं माझा आग्रह एकच: ढिगातलं सुटं इंजिन घेऊ नका. मागून ठोकलेली, पण चालू असलेली आणि टाकी शाबूत असलेली अख्खी अल्टो किंवा पाच गिअरची ८०० बघा. इंजिन, गिअरबॉक्स, ड्राइव्ह शाफ्ट, वायरिंग सगळं एकाच गाडीतलं मिळतं आणि काढायच्या आधी चालवून ऐकता येतं. तुमच्या जुन्या ८००ला ब्रेक बूस्टर नसेल तर तोही त्याच कामात बसवून घ्या.

बाकीचे फरक थोडक्यात. ओळखायचं असेल तर डिकीवरचं स्टिकर बघू नका, ते कुणीही चिकटवतं. ब्लॉकवर कोरलेला नंबर बघा, एफ८बी की एफ८डी तिथं सुरुवातीलाच दिसतं. ओम्नीतही एफ८बीच होतं, पण ते सीटखाली गाडीच्या लांबीत बसलेलं आणि मागची चाकं ओढणारं, म्हणून ते ८००साठी घेऊ नये. अल्टो के१०चं ९९८ सीसीचं के१०बी तर पूर्ण वेगळ्या घराण्यातलं, माउंटिंग बनवण्यापासून सुरुवात. ८००चं शरीर त्या ताकदीसाठी बनवलेलं नाही आणि मी ते कुणाला सुचवत नाही.

राहिले कागद. सीसी तोच आहे म्हणून आरटीओला सांगायची गरज नाही, हा समज घातक आहे. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणं नोंदणीतल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि कारखान्याच्या मूळ तपशिलाबाहेरचा बदल चालणार नाही असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९च्या जानेवारीत स्पष्ट केलं. इंजिन बदललं की नंबर बदलतो. कार्बोरेटरच्या सगळ्या ८०० केव्हाच पंधरा वर्षांच्या पुढं गेल्या आहेत, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी येणार, आणि त्या तपासणीत ब्लॉकवरचा नंबर आरसीशी ताडून बघितला जातो. अपघात झाला तर विमा कंपनीही तोच नंबर बघते. आपल्याकडं दाता गाडी बऱ्याचदा कोल्हापूर पासिंगची असते. तेव्हा तिच्या आरसीची प्रत, मालकाची सही असलेलं विक्रीपत्र आणि इंजिनाचं बिल हे व्यवहाराच्या दिवशीच हातात घ्या, नंतर कुणी सापडत नाही. कागद घेऊन केए-२२वाल्यांनी बेळगावच्या आणि केए-२३वाल्यांनी चिक्कोडीच्या कार्यालयात जाऊन, एफ८बीच्या जागी एफ८डी घालतोय असं स्पष्ट लिहून, जुनं इंजिन खोलायच्या आधी परवानगी मागावी.